मंजूर नव्हे, पारित

डिसेंबर जवळ आला की सर बोलेनासे होत. सकाळी येत, मान हलवत, टेबलावरची लाकडी पट्टी सरळ करत आणि संगणकावर एकच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत. आमच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्यासुद्धा त्या दिवसांत सरांच्या खोलीच्या दारावर टकटक करत. एरवी त्या कुणाच्याच दारावर टकटक करत नाहीत.

सर वाट बघत ती अमेरिकेच्या संरक्षण कायद्याची. लष्करानं येत्या वर्षी काय करायचं, किती माणसं ठेवायची, कुठली जहाजं बांधायची, कुणाशी व्यवहार करायचा आणि कुणाशी नाही, हे सांगणारा हा कायदा तिकडे दरवर्षी नव्यानं होतो. हजारो पानांचा असतो. त्याच्या पोटात कुठेतरी एखादं कलम असं असतं की त्यावर सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या एका जुन्या शेडमधल्या चाळीस माणसांची नोकरी चालते. आम्ही जहाजांची दुरुस्ती करतो. आमची स्वतःची गोदी नाही. मोठ्या गोदीत जहाज लागलं की पंप, झडपा, पाइप, रंगकाम असली कामं घेतो. त्यातली बरीच जहाजं अमेरिकी असतात.

सर गेले त्याला तीन महिने झाले. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसते आणि दोन ओळींवर उठते. त्यांना अपुरं वाक्य चालत नसे, हेच आडवं येतं.

मी त्यांच्या हाताखाली आले ती इतिहासाची पदवी आणि अर्धवट सोडलेलं संशोधन घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा अर्ज पट्टी लावून वाचला आणि विचारलं, "तुम्ही पुस्तकं वाचता, की पुस्तकांबद्दल वाचता?" मी म्हटलं, दोन्ही. तेव्हापासून मी त्यांची 'विदुषी' झाले. "काय विदुषी, आज किती कलमं?" हे त्यांचं सुप्रभात होतं. सात वर्षांत त्यांनी मला एकदाही अगं-तुगं केलं नाही.

त्यांची वाचायची पद्धत वेगळी होती. कायदा ते शेवटून वाचत. आधी लागू होण्याची तारीख, मग व्याख्या, मग अपवाद, आणि सगळ्यात शेवटी मूळ कलम. "पहिलं वाक्य सगळ्यांनाच कळतं, म्हणून तर सगळे तिथेच फसतात," असं त्यांचं म्हणणं. कलम वाचून झालं की ते तोंडी मराठीत सांगायचं. इंग्रजीत वाचलं की कळल्यासारखं वाटतं. मराठीत सांगता आलं तरच कळलं. 'शॅल' म्हणजे 'करील', 'मे' म्हणजे 'करता येईल'. हा फरक चुकला तर ते पट्टी टेबलावर आडवी ठेवत आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या होत्या, "अगं, घरात 'कोथिंबीर आणा' म्हटलं तरी विचारतात, आणावी की आणता येईल? मी म्हणते, न आणता येऊन दाखवा."

'दुरुस्ती' हा शब्द त्यांना फार आवडे. कायद्यातली सुधारणाही दुरुस्ती आणि जहाजाच्या पंपाचं कामही दुरुस्ती, आणि आपण पोट भरतो ते या दोन दुरुस्त्यांच्या मधल्या फटीत, असं ते नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला सांगत. तो माणूस तमिळ असो नाहीतर बांगलादेशी. तो बिचारा हसून मान डोलवी.

'मंजूर' या शब्दाचा मात्र त्यांना राग होता.

"आपल्याकडे समितीनं होकार दिला की मंजूर," ते सांगत, "एका सभागृहात मतदान झालं की मंजूर, दुसऱ्यात झालं की मंजूर, राष्ट्राध्यक्षानं सही केली की मंजूर आणि पैसे सुटले तरी मंजूरच! एका शब्दावर किती जणांनी बसायचं?" मग ते समजावत. तिकडची दोन्ही सभागृहं आपापला मसुदा वेगवेगळा तयार करतात. एकात असलेलं कलम दुसऱ्यात असेलच असं नाही. मग दोघं बसून एक मजकूर ठरवतात, त्यात निम्मी कलमं गळतात. तो मजकूर पुन्हा दोन्हीकडे जातो, मग सही होते. तोवर जे आहे ते 'पारित'. फार तर 'एका घरात पारित'. आणि हा कायदाही फक्त 'करा' म्हणतो. पैसे कुठून, ते सांगणारा कायदा निराळा.

हे त्यांनी एकदा आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सभेतही समजावलं होतं. गणपतीला ढोलताशा पथक आणायचं की नाही यावर चर्चा होऊन अध्यक्ष म्हणाले, "ठराव मंजूर." सर मागच्या रांगेतून उठले. "मंजूर म्हणजे काय? आणायचं ठरलं, की त्यासाठी पैसे सोडले?" अध्यक्ष म्हणाले, "सर, एकच आहे ना ते." "एकच असतं तर खजिनदार तुमच्याकडे असा बघत नसता." मागून कुणीतरी ओरडलं, "सर, बसा हो, वडे गार होतायत!" सर बसले. पथक त्या वर्षी आलं नाही, कारण खजिनदाराला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांची अजून एक सवय सांगायला हवी. काही बिनसलं की ते टिपण लिहीत, अर्ध्या पानाचं. माणसाला समोर बसवायचं, विचारायचं, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत शाईच्या पेनानं उतरवायचं. खाली मॅडमसाठी इंग्रजीत सारांश, आणि सही. त्या टिपणांच्या फायली मॅडमच्या कपाटात होत्या. कंपनीत कुणाचं कुणाशी वाजलं तर मॅडम फाइल काढत, आणि सरांनी लिहिलंय म्हटल्यावर पुढे कुणी बोलत नसे.

आता त्या गुरुवारबद्दल.

ते साल नेमकं कुठलं, याला महत्त्व नाही. पण त्या वर्षी एका सभागृहाच्या मसुद्यात आमच्या कामाचं कलम होतं. मूळ नियम असा की ज्या अमेरिकी जहाजाचं घरचं बंदर अमेरिकेत आहे, त्याची दुरुस्ती परदेशात करायची नाही. प्रवासात काही बिघडलं तर तेवढंच दुरुस्त करून द्यायचं. नव्या कलमात म्हटलं होतं की ठरलेली देखभालही करता येईल. आमच्यासारख्यांना ते फार मोठं होतं. बिघाड अधूनमधून होतो, देखभाल रोज लागते.

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. मी एमआरटीत होते. बिशानपाशी गाडी बोगद्यातून वर येते, तिथे फोनवर बातमी उघडली: सभागृहात मतदान झालं. तेवढ्यात सावंतांचा फोन आला. सावंत आमचे कामाचे मॅनेजर. मालवणकडचे, माझगावच्या गोदीत तरुणपण घालवून इथे आलेले. ते कुणालाच अहो-जाहो करत नसत, फक्त सरांना करत.

"काय गो, झालं काय आपलं कलम?"

गाडीत गर्दी होती, कुणाची तरी बॅग माझ्या कोपरात रुतत होती. मी म्हटलं, "हो, मंजूर झालंय."

"देव पावलो!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इतक्या वर्षांत जो शब्द मी त्या ऑफिसात उच्चारला नव्हता, तो त्या गर्दीत माझ्या तोंडून सहज गेला. मला जाणवलंही नाही.

शुक्रवारी एक जहाज लागणार होतं. सावंतांनी माझ्या एका शब्दावर कामांची यादी वाढवली. बिघडलेल्या दोन पंपांबरोबर बाकीच्या सगळ्या पंपांचं ओव्हरहॉल, टाक्यांचं रंगकाम, झडपांची तपासणी. दुसऱ्या ठेकेदाराकडून माणसं मागवली. यादी जहाजाच्या एजंटला गेली आणि एजंटनं ती आनंदानं घेतली. राहिलं होतं ते एकच, सरांची सही. यादीतलं प्रत्येक काम आज लागू असलेल्या कायद्यात बसतं, असं प्रमाणपत्र सरांनी द्यायचं असे. ते खोटं निघालं तर कंपनीला त्या जहाजांची कामं पुन्हा कधी मिळणार नव्हती. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी दहा वाजता सरांनी यादीवर पट्टी ठेवली. साडेदहाला मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं होतो.

"सर, धिस लिस्ट, कॅन ऑर कॅनॉट?" मॅडमनी विचारलं. त्यांचं सगळं जग या दोन शब्दांत मावतं.

"सम कॅन, मॅडम. सम कॅनॉट."

"एजंट से ऑल ऑर नथिंग. फाइव्ह ओ'क्लॉक. यू डोन्ट साइन, शिप गो टू द अदर यार्ड, लाह."

सर सावंतांकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "ही अकरा कामं कुठल्या कायद्यावर घातलीत?"

"नव्या, सर. मंजूर झालंय ना."

"कुठे?"

"तिकडे. अमेरिकेत."

"अमेरिका मोठी आहे, सावंत. कुठल्या सभागृहात? आणि तुम्हाला सांगितलं कुणी?"

सावंतांनी टेबलाकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मॅडमच्या टेबलावर, प्लास्टिकच्या फोल्डरात, माझ्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथे राहून नोकरी करण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचे कागद होते. त्याच आठवड्यात मॅडमना ते पाठवायचे होते. मी ते फोल्डर बघत उभी राहिले. मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचंच काम होतं. मॅडम म्हणाल्या, "इंग्लिश, प्लीज," आणि ते वाक्य राहून गेलं.

सर म्हणाले, "मॅडम, गिव्ह मी टिल फाइव्ह."

दुपारभर शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. ठेकेदाराची माणसं टेम्पोतून उतरून फाटकाशी बसली होती, डबे उघडून जेवत होती. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "सिस्टर, टुडे वर्क?" मी म्हटलं, "वेट." सर जेवले नाहीत. खालच्या कॉफीवाल्या काकांकडून त्यांनी नेहमीची बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मागवली. एरवी ते तिला 'विनाशर्त कॉफी' म्हणत आणि काका न समजता हसत. त्या दिवशी ती तशीच गार झाली.

दोन वाजता त्यांनी मला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते.

"वाचा. मराठीत."

मी पहिला वाचला. "...अशा जहाजाची ठरलेली देखभाल परदेशातील गोदीत करता येईल."

"हा कुणाचा?"

"एका सभागृहाचा."

"दुसरा?"

"यात हे कलमच नाही, सर."

"मग आज कायदा कुठला?"

"गेल्या वर्षीचाच."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कोऱ्या कागदाच्या वर तारीख घातली.

"सावंतांना सकाळी फोनवर तुम्ही काय म्हणालात? नेमका शब्द."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. खाली फाटकाशी कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "पारित झालंय, असं म्हणाले."

त्यांनी ते लिहिलं. माझ्याकडे बघितलंही नाही. "बरं," म्हणाले, "सावंतांना पाठवा." त्यांनी पुन्हा विचारलं नाही, याचंच मला जिना उतरताना हायसं वाटलं होतं. हे लिहायला मला जड जातंय, पण वाटलं होतं.

सावंत आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी माझ्या जागेवर बसून एकच ओळ वाचत होते. आता बाहेर येऊन ते काय म्हणतील, याची मी मनात तयारी करत होते. माझं सांगणं त्यांच्या सांगण्याविरुद्ध, आणि मी शिकलेली, सरांच्या हाताखालची. माझंच खरं धरलं जाईल, असाही विचार मी केला. ते बाहेर आले, माझ्या टेबलाजवळून गेले आणि एवढंच म्हणाले, "पाणी ठेवलंय काय गो कुठे?"

पावणेपाचला सर मॅडमच्या खोलीत गेले. पट्टी लावून त्यांनी अकरा कामांवर एकेक सरळ रेघ मारली होती. उरलेल्या दोन कामांखाली सही होती. "धिस मच कॅन," ते म्हणाले. मॅडमनी एजंटला फोन लावला. आम्ही उभेच होतो. एजंट काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, मॅडम फक्त "ओके... ओके..." म्हणत होत्या आणि दुसऱ्या हातानं कॅल्क्युलेटर उलटासुलटा करत होत्या. शेवटी फोन ठेवून म्हणाल्या, "टू जॉब्स ओन्ली. शिप स्टिल कमिंग."

सावंतांनी खाली जाऊन ठेकेदाराच्या माणसांना परत पाठवलं. टेम्पो फाटकातून वळत असताना मी खिडकीतून बघत होते.

डिसेंबरात अंतिम मजकूर आला. सरांनी तो शेवटून वाचायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी मान वर करून म्हणाले, "गळलं." देखभालीचं कलम त्यात नव्हतं. आम्ही ती अकरा कामं केली असती तर कंपनी उरली नसती. मॅडमनी चिनी नववर्षाला सरांच्या घरी संत्र्यांची पेटी पाठवली. माझा पास झाला. पुढच्या मार्चमध्ये सावंतांचं कंत्राट मात्र मॅडमनी वाढवलं नाही. फाइलीत टिपण होतं: 'पारित' सांगितलं गेलं, 'मंजूर' समजलं गेलं. चूक ऐकणाऱ्याची. सावंत तुआसला दुसऱ्या गोदीत लागले, सेम्बावांगहून पार बेटाच्या दुसऱ्या टोकाला. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना कांदाभजी खिलवली. मला म्हणाले, "सरांकडे बघ."

सर निवृत्त झाल्यावर प्रमाणपत्रांवर सही मी करू लागले. मॅडम बाहेरच्या माणसांना माझी ओळख करून देताना म्हणतात, "धिस गर्ल, व्हेरी एक्झॅक्ट." सर कधी ऑफिसात येऊन ते ऐकत तेव्हा चष्मा पुसत.

निवृत्तीनंतरही डिसेंबरात मी त्यांच्या फ्लॅटवर जाई. पुढच्या खोलीतल्या गोल टेबलावर आम्ही दोघं कलमं वाचत असू. त्यांची दृष्टी अधू झाली होती, मी वाचायची आणि ते मराठीत सांगायचे. त्या प्रत्येक संध्याकाळी मी ठरवून जाई की आज सांगायचं. मग काकू चहा आणत, किंवा सर एखाद्या अपवादाच्या पोटातला अपवाद सापडला म्हणून लहान मुलासारखे खूश होत, आणि मी पुढचं पान उलटत असे. गेल्या डिसेंबरात अर्ध्यावर थांबून ते म्हणाले, "उरलेलं तुम्ही वाचा, विदुषी. मला ऐकून थकायला होतं." फेब्रुवारीत ते गेले.

मंडाईच्या विद्युतदाहिनीत आम्ही वीसेक जण होतो. काकू शांत होत्या. बाहेर बाकावर बसून एकदाच म्हणाल्या, "पुण्यात मंडईतून ह्यांच्यासाठी भाजी आणायचे. इथे मंडाईत ह्यांनाच सोडून चाललेय." 

सावंत तुआसहून आले होते, कामाच्या बुटांवरच. केस पिकले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि पुढचा विचार न करता म्हटलं, "सावंत, त्या दिवशी मी मंजूर म्हणाले होते. पारित नाही."

"ठाऊक आहे गो. फोन माझ्याच कानाला होता."

"मी सरांना खोटं सांगितलं."

"मीही तेच सांगितलं." त्यांनी बुटाच्या टोकानं गवत सारलं. "त्यांनी विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, पारित म्हणाली, मीच येडा, मंजूर समजलो. तुझा पास मॅडमच्या टेबलावर पडला होता. माझं पीआर झालेलं, इथे कायमचं राहायचं. मला कोण बोटीत घालणार होतं?"

 "पण सरांना खरं वाटलं?" मी विचारलं.

सावंतांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानंच बघितलं. "सात वर्षं होतीस ना तू त्यांच्यापाशी? अगो, 'पारित' हा शब्द माझ्या तोंडात कधी होता काय? मी तो उच्चारला तसं त्यांनी पेनाला टोपण लावलं. पेन खाली ठेवलं. आणि म्हणाले, सावंत, आता मी लिहीत नाही. आता सांगा."

"मग?"

"मी पुन्हा तेच सांगितलं.  ते तुझ्या खुर्चीकडे काचेतून बघत राहिले. मग टोपण काढलं, मी सांगितलं तसं लिहिलं आणि खाली सही केली."

आतून गुरुजींनी नातेवाइकांना बोलावलं. काकूंनी हात पुढे केला, तो धरून मी त्यांना उठवलं. सावंत मागून आले.

ते टिपण मॅडमच्या कपाटात आहे. सरांनी खोटं आहे हे माहीत असून सही केलेला त्या ऑफिसातला तो एकच कागद, आणि तो त्यांनी माझ्यासाठी केला.